लॅपटॉप तापतोय? घरी काय करायचं, दुकानात काय विचारायचं आणि कुठे हात लावायचा नाही, सविस्तर माहिती

उन्हाळा लागला की गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते. लॅपटॉप चटका बसेल एवढा तापतो, पंखा गिरणीसारखा घरघरतो आणि काम ऐन रंगात आलं की मशीन आपोआप बंद पडतं. कोणाचा सीईटीचा फॉर्म अर्धवट राहतो, कोणाचा ऑनलाइन क्लास तुटतो, तर सेवा केंद्रावर रांग उभी असताना काम अडतं. मग कोणी म्हणतं मदरबोर्ड गेला, कोणी म्हणतं आता नवीनच घ्या. नवीन लॅपटॉप म्हणजे तीस-चाळीस हजार रुपये, म्हणजे चार-पाच क्विंटल कापसाचा पैसा.

पण तापणारा प्रत्येक लॅपटॉप बिघडलेला नसतो. बहुतेक वेळा दुखणं हवेचं असतं. एकतर हवा आत जायला जागा नसते, नाहीतर बाहेर पडायची वाट धुळीने बुजलेली असते. हे ओळखता आलं तर निम्मी कामं घरच्या घरी फुकटात होतात आणि उरलेलं काम दुकानात थोड्या खर्चात होतं. नवीन घ्यायची वेळ फार कमी जणांवर येते.

आधी एक महत्त्वाची सूचना : लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल, म्हणजे टचपॅड वर आला असेल, झाकण नीट बसत नसेल किंवा खालचा पत्रा फुगीर दिसत असेल, तर खालचे कोणतेही उपाय करू नका. लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि थेट 'बॅटरी फुगली असेल तर' हा भाग वाचा.

लॅपटॉप तापतो म्हणजे नेमकं काय होतं?

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच समजेल. इंजिन चाललं की उष्णता तयार होते. ती रेडिएटरमध्ये येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या जाळीवर भुसा बसला की काटा वर चढतो. तेव्हा आपण इंजिन खोलत नाही, आधी जाळी साफ करतो.

लॅपटॉपमध्ये इंजिनच्या जागी प्रोसेसर असतो. त्याच्यावर तांब्याची नळी बसवलेली असते. ही नळी उष्णता ओढून कडेच्या बारीक पत्र्यांपर्यंत नेते. या पत्र्या म्हणजे लॅपटॉपचा रेडिएटर. शेजारी छोटा पंखा असतो. तो बहुतेक मशीनमध्ये तळाच्या जाळीतून हवा आत ओढतो आणि पत्र्यांमधून मागच्या किंवा कडेच्या फटीतून बाहेर फेकतो. प्रोसेसर आणि तांब्याच्या मधे एक लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. ती वाळली की उष्णता तांब्यापर्यंत नीट पोचत नाही.

म्हणजे जागा चारच आहेत. हवा आत येण्याची जाळी, पंखा, पत्र्या आणि पेस्ट. यातली एक जरी अडली तरी मशीन तापतं.

काही पातळ लॅपटॉपमध्ये पंखाच नसतो. २०२० पासूनचे एम मालिकेच्या चिपचे मॅकबुक एअर तसेच आहेत. त्यात घरघर नाही आणि धूळही पंख्यात बसत नाही. पण सावली आणि मोकळी हवा त्यांनाही लागतेच.

आपल्याकडे जास्त का तापतो?

*ऊन आणि पत्रे.* बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरा असं सांगतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी बाहेरच्यापेक्षाही जास्त उकडतं. खोली जितकी तापते साधारण तितकाच आतला प्रोसेसरही जास्त तापतो. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० अंशांवर चालतो, तोच त्याच कामाला ४२ अंशांच्या खोलीत ८५-९० च्या घरात जातो. मशीन तेच आणि काम तेच, फक्त हवा बदलली.

*कापूस.* आपल्या खान्देशातलं हे खास कारण आहे. दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो, आणि भाव वाढेल या आशेने महिनोन्‌महिने तिथेच राहतो. बऱ्याच घरांत त्याच खोलीत मुलांचा अभ्यास आणि लॅपटॉप असतो. कापसाचे बारीक तंतू हवेत उडतात, पंखा ते ओढून घेतो आणि पत्र्यांच्या तोंडावर त्याचा गालिचा तयार होतो. साधी माती थोडीफार निघून जाते, पण तंतूंची जाळी बसली की तिच्यावर माती चिकटते आणि वाट पक्की बंद होते. घरात कापूस राहिला असेल तर तो विकून झाल्यावर लॅपटॉपची आतून सफाई करून घेतलेली बरी.

*चूल आणि तळण.* स्वयंपाकाच्या खोलीतला धूर आणि तेलकट वाफ पंख्याच्या पात्यांवर चिकट थर बसवते. त्यावर धूळ घट्ट बसते.

*गोधडी आणि गादी.* खाटेवर गोधडी टाकून त्यावर लॅपटॉप ठेवला की तळाची जाळी पूर्ण झाकली जाते. माणसाचं तोंड उशीने दाबल्यासारखं होतं. नवाकोरा लॅपटॉपसुद्धा असा ठेवला तर अर्ध्या तासात तापतो.

*लाईट.* लॅपटॉपचे चार्जर साधारणपणे १०० ते २४० व्होल्टवर चालतात, तसं त्यांच्यावर छापलेलं असतं. व्होल्टेज कमी आलं की तेवढ्याच कामासाठी चार्जर जास्त करंट ओढतो आणि जास्त तापतो. लाईट गेल्यावर बॅटरी उतरते, आली की जोरात चार्ज होते. चार्जिंग सुरू असताना मशीन तसंही जास्त गरम असतं, त्यात दुपारची वेळ असली की भर पडते.

किती तापणं चालतं?

लॅपटॉप कोमट किंवा गरम लागणं हे दुखणं नाही. नुसता चालू असेल तर प्रोसेसर ४० ते ६० अंशांच्या दरम्यान असतो. व्हिडिओ कॉल किंवा जड काम असेल तर ७०-८५ पर्यंत जातो. तोवर काळजीचं काही नाही.

९५ ते १०५ अंशांच्या आसपास, मॉडेलप्रमाणे, प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. यालाच आपण 'लॅपटॉप स्लो झाला' म्हणतो. त्याच्याही वर गेला तर मशीन स्वतःला वाचवण्यासाठी एकदम बंद होतं. म्हणजे आपोआप बंद पडणं ही आधी सुरक्षेची सोय आहे. मशीन सांगतंय की हवा मिळत नाही. तरी ते पुन्हा पुन्हा चालू करून ताणत राहिलं तर बॅटरी, हार्ड डिस्क आणि बोर्ड यांचं आयुष्य कमी होतं.

आकडा बघायचा असेल तर 'एचडब्ल्यूमॉनिटर' किंवा 'कोअर टेम्प' असे मोफत प्रोग्राम आहेत. ते त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्यावेत. 'डाउनलोड' लिहिलेल्या जाहिरातींवर बोट ठेवू नका.

दुखणं कुठे आहे? घरच्या चार चाचण्या

१. सकाळ-दुपार चाचणी. सकाळी सहा-सात वाजता तेच काम करून बघा, मग दुपारी दोन-तीनला करा. सकाळी नीट चालतो आणि दुपारी बंद पडतो, तर कारण उष्णता आहे. सकाळच्या गारव्यातही चालू केल्यावर लगेच बंद पडत असेल तर दुखणं दुसरं असू शकतं. बॅटरी, चार्जर किंवा रॅम तपासावी लागेल.

२. उचलून बघणं. लॅपटॉप टेबलावर ठेवा आणि मागची बाजू दोन वह्यांवर टेकवून बोटभर वर उचला. जाळी झाकली जाणार नाही एवढं बघा. पंधरा-वीस मिनिटांत पंख्याचा आवाज कमी झाला तर अडचण फक्त ठेवण्याची होती. खर्च शून्य.

३. कागदाची पट्टी. दहा मिनिटं व्हिडिओ लावा म्हणजे पंखा फिरू लागेल. मग पातळ कागदाची किंवा टिश्यूची पट्टी हवा बाहेर पडते त्या फटीसमोर धरा. पट्टी चांगली फडफडली तर वाट मोकळी आहे. पंख्याचा आवाज मोठा आणि पट्टी जेमतेम हलते, तर पत्र्या बुजल्यात. मशीन चटके देतंय, आवाजही नाही आणि वाराही नाही, तर पंखा बंद पडलाय. खर्रखर्र आवाज येत असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलंय.

४. हवा चांगली, तरी गरम. पट्टी जोरात फडफडते पण येणारी हवा फारशी गरम नाही, आणि आत मात्र प्रोसेसर ९५ च्या पुढे दिसतो. असं असेल तर उष्णता पत्र्यांपर्यंत पोचतच नाही. पेस्ट वाळलेली असण्याची शक्यता जास्त. चार-पाच वर्षं जुन्या मशीनमध्ये हे नेहमी दिसतं.

फुकटात होणारे उपाय

- लॅपटॉप कडक आणि सपाट जागेवर ठेवा. टेबल नसेल तर लाकडी पाट उत्तम. खाटेवर बसूनच काम करायचं असेल तर पाट मधे घ्या आणि त्यावर लॅपटॉप ठेवा.
- मागच्या आणि कडेच्या फटीपासून भिंत, पुस्तकं, डबा काहीही वीतभर लांब असू द्या.
- पत्र्याच्या घरात जड काम सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी करा. फॉर्म भरायचा असेल तर शेवटच्या दिवसाची दुपार गाठू नका. त्या वेळी सर्व्हरही अडतो आणि मशीनही तापतं.
- टेबलफॅन बाजूने सुरू ठेवला तर चांगला फायदा होतो. कूलरचा मात्र थेट झोत लॅपटॉपवर नको, त्यातली ओल आणि कधीकधी पाण्याचे तुषार आत जातात. कूलरने खोली गार करा, लॅपटॉप झोताच्या बाहेर ठेवा.
- मांडीवर ठेवून तासन्‌तास काम करू नका. रोज गरम लॅपटॉप मांडीवर ठेवल्याने कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडतात. डॉक्टरी भाषेत त्याला 'एरिथेमा अब इग्ने' म्हणतात. शेगडीजवळ फार वेळ बसणाऱ्यांनाही तसंच होतं.
- बॅगेत ठेवण्याआधी पूर्ण शटडाऊन करा. नुसतं झाकण लावलं तर काही लॅपटॉप बॅगेतच जागे होतात, अपडेट घेऊ लागतात आणि बंद बॅगेत भट्टीसारखे तापतात. एसटीत किंवा मोटरसायकलवर नेताना हे विशेष लक्षात ठेवा.
- उन्हात उभ्या गाडीत, ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये किंवा खिडकीतल्या उन्हात लॅपटॉप ठेवू नका.

कूलिंग पॅड घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. तळाला जाळी असलेल्या लॅपटॉपला त्याने काही अंशांचा फरक पडतो. पण पत्र्या आतून बुजलेल्या असतील तर खाली कितीही पंखे लावले तरी उपयोग नाही. आधी सफाई, मग गरज वाटली तर पॅड.

मशीनवरचा बोजा कमी करा

रिकामा ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर यात जो फरक, तोच इथे. काम कमी तर उष्णता कमी.

*कोण काम करतंय ते बघा.* कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' उघडेल. त्यात 'सीपीयू' लिहिलेल्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत जास्त काम करणारे प्रोग्राम वर येतात. आपण काहीच करत नसताना एखादा प्रोग्राम सतत ५०-६० टक्के दाखवत असेल तर गडबड आहे. विंडोजचं अपडेट सुरू असेल तर ते पूर्ण होऊ द्या, तो बोजा तात्पुरता असतो.

*फुकटच्या सॉफ्टवेअरपासून सावध.* क्रॅक केलेले गेम आणि फोटो-व्हिडिओचे प्रोग्राम पेनड्राईव्हवरून फिरत असतात. त्यांच्याबरोबर कधीकधी असा व्हायरस येतो जो आपल्या मशीनवर चोरून डिजिटल नाणी तयार करतो. वीज आपली, लॅपटॉप आपला, कमाई तिसऱ्याची. मशीन रिकामं असताना तापत असेल तर हीही शक्यता तपासा. विंडोजमधल्या 'विंडोज सिक्युरिटी'ने पूर्ण स्कॅन करा. दोन-दोन अँटिव्हायरस ठेवू नका, ते एकाच कामासाठी दुप्पट बोजा टाकतात.

*टॅब कमी ठेवा.* ब्राऊझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय सोडा. लागतील तेवढेच ठेवा.

*पॉवर मोड बदला.* विंडोजच्या सेटिंगमध्ये पॉवरच्या भागात 'बेस्ट पॉवर एफिशिअन्सी' निवडा. लिखाण, फॉर्म, व्हिडिओ क्लास अशा कामांत वेगाचा फरक जाणवत नाही.

*९९ टक्क्यांची युक्ती.* कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे चालू असलेल्या प्लॅनची सेटिंग, मग अॅडव्हान्स्ड सेटिंग आणि त्यात 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट' असा भाग असतो. तिथे 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ करा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये याने टर्बोचा जादा वेग बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं. काही नव्या मशीनमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथे पॉवर मोडवरच भागवा.

सफाई : घरी किती, दुकानात किती?

घरी फक्त बाहेरून. लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि चार्जर काढा. सहज निघणारी बॅटरी असेल तर तीही काढा. मऊ कोरड्या ब्रशने, नवा मेकअपचा किंवा रंगाचा बारीक ब्रश चालतो, तळाची जाळी आणि कडेच्या फटी झाडा. हाताने दाबायचा रबरी फुगा मिळाला तर त्याने फुंकर मारा. महिन्यातून एकदा एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

तोंडाने फुंकू नका, थुंकीचा ओलावा आत जातो.

पंक्चरच्या दुकानातला एअर कॉम्प्रेसर तर अजिबात वापरू नका. आपल्याकडे 'दोन मिनिटं हवा मारून आणा' ही सवय आहे, पण कॉम्प्रेसरच्या हवेत टाकीतलं पाणी आणि तेल असतं. दाबही इतका की पंखा त्याच्या ताकदीपेक्षा जास्त वेगाने फिरतो आणि बेअरिंग जातं. शिवाय बाहेरून हवा मारली की पत्र्यांवरचा गालिचा निघत नाही, उलटा पंख्यात जाऊन अडकतो.

खरा कचरा पंखा आणि पत्र्यांच्या मधे असतो. तो काढायला तळाचं झाकण उघडावं लागतं. हे काम माहीतगार माणसाकडूनच करून घ्या. आतली बारीक केबल तुटली किंवा स्क्रू चुकीच्या जागी बसला तर काही शे रुपयांचं काम काही हजारांवर जातं. वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. बाहेर खोलून घेतल्यावर वॉरंटीवरून वाद होऊ शकतो.

दुकानात गेल्यावर काय विचारायचं?

१. आधी विचारा, काय करणार आणि किती घेणार. नुसती सफाई, सफाई आणि पेस्ट, पंखा बदलणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिन्हीचा दर वेगवेगळा सांगायला लावा.

२. शक्य असेल तर काम समोर करून घ्या. झाकण उघडल्यावर पत्र्यांचा फोटो काढायला सांगा, आणि साफ केल्यावरचाही.

३. आतल्या बॅटरीची केबल आधी काढतात का ते बघा. पंख्यावर हवा मारताना पाती काडीने किंवा बोटाने धरून ठेवलेली हवीत.

४. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मगच नवी लावायला हवी. जुन्यावरच नवी थोपली तर उपयोग नाही. पेस्ट पातळ आणि सगळीकडे सारखी हवी, जाड थर नको.

५. शेजारच्या चिपवर मऊ थर्मल पॅडच्या चकत्या असतात. फाटल्या असतील तर त्याच जाडीच्या नव्या घालाव्या लागतात. त्यांच्या जागी नुसती पेस्ट भरून चालत नाही.

६. 'मदरबोर्ड गेलाय' असं कोणी पहिल्याच नजरेत सांगितलं तर घाई करू नका. आधी सफाई आणि पेस्ट करून बघा, नाहीतर दुसऱ्या दुकानात दाखवा. नुसत्या तापण्यावरून बोर्ड गेला असं ठरत नाही.

७. लॅपटॉप दुकानात ठेवून यायचा असेल तर कामाच्या फाइलची प्रत पेनड्राईव्हवर घ्या आणि पावती घ्यायला विसरू नका.

काम झाल्यावर तिथेच वीस मिनिटं व्हिडिओ चालवून कागदाच्या पट्टीची चाचणी पुन्हा करा.

बॅटरी फुगली असेल तर

हा भाग घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. लॅपटॉपमधली बॅटरी लिथियमची असते. सतत उष्णता, जुनं वय, खराब चार्जर यांनी तिच्या आत वायू तयार होतो आणि ती फुगते. अशी बॅटरी दाबली, टोचली किंवा चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते. मोठ्या कंपन्यांनाही ही अडचण आली आहे. २००६ साली डेल कंपनीने सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या.

फुगल्याची लक्षणं : टचपॅड वर उचलला जातो किंवा क्लिक होत नाही, झाकण बंद करताना फट राहते, सपाट टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो, तळाचा जोड उघडतो, किंवा गोडसर रसायनासारखा वास येतो.

काय करायचं?

- लगेच बंद करा, चार्जर काढा. पुन्हा चार्जिंगला लावू नका, 'फक्त एक फॉर्म भरून घेतो' असंही नको.
- कापूस, चारा, कपडे, गॅसची टाकी यांच्यापासून लांब, सावलीत, कोरड्या फरशीवर ठेवा. मुलांचा हात लागणार नाही असं बघा.
- बॅटरी सहज निघणारी असेल तर हलकेच काढा. अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. टाचणीने वायू काढून टाकण्याचा उद्योग तर कधीच करू नका.
- सर्व्हिस सेंटरला किंवा जाणकार दुकानात दाखवून बॅटरी बदलून घ्या. फारच स्वस्तात मिळणारी बिननावाची बॅटरी टाळा. वॉरंटी आणि बिल मागा.
- जुनी बॅटरी उकिरड्यावर, शेतात किंवा चुलीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरमध्येच द्या.
- धूर निघू लागला तर लॅपटॉप हातात धरून पळू नका. शक्य असेल तर घराचा मेन स्विच पाडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ किंवा १०१ वर फोन लावा. तो धूर विषारी असतो.

बॅटरी फुगलेली नसली तरी एक नियम पाळा. घरात कापूस साठवलेला असेल तर लॅपटॉप, मोबाईल किंवा चार्जर कापसाच्या ढिगावर किंवा त्याला टेकून चार्जिंगला ठेवू नका. रात्रभर तर नाहीच. वर्षभराची कमाई त्या ढिगात असते.

बॅटरी जास्त टिकावी म्हणून, सतत चार्जरवर काम करत असाल तर चार्जिंगची मर्यादा लावा. लेनोव्होमध्ये 'कन्झर्वेशन मोड' असतो, आसुसमध्ये 'मायआसुस'मध्ये तशी सोय आहे, बाकी कंपन्यांच्याही अॅपमध्ये बघा. बॅटरी पूर्ण १०० टक्के न भरता ६० ते ८० टक्क्यांवर थांबते. उन्हाळ्यात याचा चांगला फायदा होतो.

चार्जरबद्दल थोडं

चार्जर गरम होतोच, पण हात ठेवता येणार नाही इतका नको. तो गादीखाली किंवा कपड्यांत झाकून ठेवू नका. नवा घेताना जुन्यावरचे आकडे जुळवा. उदाहरणार्थ जुन्यावर '१९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअर' असेल तर नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा थोडे जास्त चालतील, कमी चालणार नाहीत. कमी अँपिअरचा चार्जर सतत ताणात राहतो आणि तापतो. पिनही तीच हवी. लाईट ये-जा करत असेल, दिवे मंद-प्रखर होत असतील तर चार्जर काढून ठेवा आणि लाईट स्थिर झाल्यावर लावा.

हे कधीच करू नका

- लॅपटॉप फ्रिजमध्ये ठेवणं, वर बर्फाची पिशवी किंवा ओलं फडकं ठेवणं. आत दव धरतं आणि बोर्ड जातो.
- पेस्टच्या जागी टूथपेस्ट, ग्रीस किंवा तूप लावणं.
- पेट्रोल, थिनर किंवा सॅनिटायझरने आतली सफाई करणं.
- तापून बंद पडलेला लॅपटॉप लगेच पुन्हा चालू करणं. निदान अर्धा तास थंड होऊ द्या.
- धूळ जाऊ नये म्हणून तळाच्या जाळीवर कापड किंवा चिकटपट्टी लावणं. धूळ थांबेल, पण हवाही थांबेल.

जुना लॅपटॉप घेताना

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप हल्ली तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. शिकणाऱ्या मुलांसाठी ते चांगले पडतात. पण घेताना उष्णतेची तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नका. दुकानात वीस-पंचवीस मिनिटं व्हिडिओ चालवा, पंख्याचा आवाज ऐका, कागदाची पट्टी धरा. सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का बघा. चार-पाच वर्षं जुना असेल तर सफाई आणि नवी पेस्ट करूनच द्या, अशी अट घाला. बरेच दुकानदार तयार होतात. दुकानात एसी असेल तर लक्षात ठेवा, तिथे गार वाटणारा लॅपटॉप आपल्या पत्र्याच्या खोलीत तेवढा गार राहणार नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- गरम होणं नेहमीचं, चटका बसणं आणि बंद पडणं नेहमीचं नाही.
- पहिला उपाय जागा बदलणं, दुसरा बोजा कमी करणं, तिसरा आतून सफाई, चौथा पेस्ट किंवा पंखा. याच क्रमाने जा. पहिले दोन फुकट आहेत.
- घरात कापूस, चूल किंवा रस्त्याची धूळ असेल तर वर्षातून एकदा आतून सफाई करून घ्या. उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये केली तर उत्तम.
- बॅटरी फुगली तर सगळं बाजूला ठेवा आणि आधी तो लॅपटॉप कापसापासून लांब करा.

मुलांच्या परीक्षा आणि प्रवेशाचे फॉर्म भर उन्हाळ्यातच येतात, आणि लॅपटॉपला सर्वांत जास्त त्रासही त्याच दिवसांत होतो. फॉर्मची तारीख जवळ यायच्या आत कागदाच्या पट्टीची चाचणी एकदा करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ही माहिती आपल्या गावाच्या ग्रुपवर जरूर पाठवा. ज्या घरात कापूस आणि लॅपटॉप एकाच खोलीत आहेत, तिथे आधी पाठवा.